घोडा कोणाचा?

१३ जून २०२५ रोजी, म्हणजे अमेरिकी भूदलाच्या अडीचशेव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, चार गृहस्थांनी सैन्याची शपथ घेतली आणि ते एकदम लेफ्टनंट कर्नल झाले. पॅलंटिर या कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी श्याम शंकर, फेसबुकची मालक असलेल्या मेटात त्याच पदावर असलेले अँड्र्यू बॉसवर्थ, ओपनएआयचे तेव्हाचे मुख्य उत्पादन अधिकारी केविन वेल, आणि पूर्वी ओपनएआयमध्ये संशोधनप्रमुख असलेले बॉब मॅग्रू हे ते चौघे. ज्या तुकडीत ते दाखल झाले तिला 'डिटॅचमेंट २०१' असे नाव आहे. हे राखीव दलातील अंशकालीन अधिकारी. वर्षाकाठी सुमारे १२० तास सैन्याला द्यायचे आणि उरलेला वेळ आपापल्या कंपनीत पूर्वीप्रमाणेच काम करायचे, अशी ही व्यवस्था. सामान्य अधिकाऱ्याला या हुद्द्यावर पोहोचायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो. नेहमीचे प्रदीर्घ प्रशिक्षण या चौघांना लागू झाले नाही.

यात बेकायदा काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक यांना थेट हुद्दा देण्याची प्रथा तिकडे जुनी आहे. परंतु सैन्यात दाखल होणारा शल्यविशारद काही त्या सैन्याला रुग्णालये भाड्याने देणाऱ्या व्यवसायाचा कारभारी नसतो. या चौघांच्या शपथविधीनंतर तीनच दिवसांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ओपनएआयशी २० कोटी डॉलरपर्यंतचा करार जाहीर केला. मेटाने त्याआधी मे महिन्यात अँड्युरिल या शस्त्रास्त्र कंपनीबरोबर सैनिकांसाठी डोक्यावर घालायची दृक्‌साधने बनवण्याचे जाहीर केले होते. ऑगस्टमध्ये भूदलाने पॅलंटिरशी दहा वर्षांसाठी १० अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. हितसंबंधांची गल्लत होणार नाही याची काळजी घेऊ, असे सैन्याच्या वतीने सांगण्यात आले. घेतली जातही असेल. लाचलुचपतीचा संशय आम्हांला घ्यायचाच नाही. लाच घेणारा माणूस निदान आपण काही चोरून करतो आहोत हे जाणत असतो. येथे सारे उजेडात आणि बिगुलाच्या सुरावर चालले आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक. संगणकशास्त्र आणि युद्धशास्त्र ही दोन्ही आमच्या अधिकाराबाहेरची. तथापि हे वृत्त वाचताना आम्हांला जे दोन शब्द आठवले ते आमच्या अधिकारातले आहेत, आणि बखरी शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ते तोंडी आहेत : बारगीर आणि शिलेदार.

बारगीर म्हणजे ज्याचा घोडा सरकारच्या पागेतला. त्याचा दाणावैरण सरकारचा, हत्यार बहुधा सरकारचे, वेतन रोख. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येतो. 'सिलाह' म्हणजे शस्त्र, ते बाळगणारा तो सिलाहदार. हल्ली 'शिलेदार' हा शब्द राजकीय पक्षांच्या फलकांवर निष्ठावंत या अर्थाने मिरवतो. इतिहासात त्याचा भाव इतका सोज्ज्वळ नव्हता. सभासदाने जिंजीत राजारामांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या लष्कराची व्यवस्था दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, अशी चढती रचना, आणि शिलेदार कोठे, तर पागेच्या हुकमतीखाली. महाराजांना शिलेदार नको होते असे नव्हे, त्यांच्याकडे ते पुष्कळ होते. पण राज्याचे बळ पागेत असावे, शिलेदारांत नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. कारण उघड आहे. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचे. ऐन रणात तो दोन गोष्टींचा विचार करतो, धन्याच्या फत्तेचा आणि आपल्या घोड्याचा. पुढे पेशवाईत सरंजामदार प्रबळ झाले. सरंजामी फौजा पेशव्यांच्या नावाने लढत, परंतु केव्हा लढायचे आणि केव्हा छावणी हलवायचीच नाही हे ठरवणारे दुसरेच असत, हे त्या काळाच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक आहे.

डिटॅचमेंट २०१ मधले चौघे शिलेदार आहेत. ते आपला घोडा घेऊन आले आहेत आणि तो घोडा अमेरिकेच्या पागेत बांधला जाणार नाही.

यावर आमच्या अर्थशास्त्र विभागातील मित्रांचा आक्षेप आम्हांला आताच ऐकू येतो आहे. शस्त्रे पूर्वीपासून खासगी कारखानदारच करत आले. जर्मनीत क्रुप होते, १७ जानेवारी १९६१ रोजी आयझेनहॉवर यांनी निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या संगनमताविरुद्ध इशारा दिला तोही याच कारणाने. मग नवे काय?

नवे हे की तोफ विकली जात असे. १९८६ च्या करारान्वये स्वीडनच्या बोफोर्सकडून घेतलेल्या तोफा १९९९ मध्ये द्रास आणि कारगिलच्या शिखरांकडे वळवल्या गेल्या तेव्हा त्या कोणत्या शिखराकडे वळवाव्यात हे स्वीडनला विचारावे लागले नाही. त्या व्यवहारावरून इकडे सरकार हादरले, वृत्तपत्रांचे रकाने वर्षानुवर्षे भरले, सुट्या भागांसाठी विक्रेत्याकडे पाहावे लागले, हे सगळे खरे. पण तोफ भारताची होती. आजची जी सामग्री आहे, म्हणजे उपग्रहांचे जाळे, माहिती साठवणारी आणि तिचे विश्लेषण करणारी महाकाय यंत्रालये, लक्ष्य शोधून देणाऱ्या आज्ञावली, ती विकली जात नाही. ती कंपनीच्याच ताब्यात राहते आणि सैन्याला वापरायला मिळते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल या चार कंपन्यांना ९ अब्ज डॉलरपर्यंतचे संगणन-सेवेचे काम दिले. त्यातला शब्द 'सेवा' हा आहे, वस्तू नव्हे. आणि सेवा थांबवता येते.

थांबवता येते म्हणजे काय, याचे उदाहरण युक्रेनने पाहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर थोड्याच दिवसांत इलॉन मस्क यांच्या कंपनीची स्टारलिंक उपकरणे तेथे पोहोचली आणि युक्रेनी सैन्याचा संपर्क त्यांवर चालू लागला. त्याच वर्षी युक्रेनने क्रिमियातील सेवास्तोपोलपर्यंत ही सेवा सुरू करण्याची तातडीची विनंती केली, ती मस्क यांनी नाकारली. ही गोष्ट आम्ही कोणाच्या कानगोष्टीवरून सांगत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच ती जाहीरपणे सांगितली, आणि विनंती मान्य केली असती तर आपली कंपनी युद्धाच्या एका मोठ्या कृत्यात सामील झाली असती, अशी कारणमीमांसाही दिली. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. परंतु एका देशाच्या आरमारी मोहिमेची सीमा दुसऱ्या देशातील एका व्यापाऱ्याने ठरवली, याविषयी वाद नाही. शिलेदाराने लगाम खेचला.

आता जी बाब आमच्या स्वतःच्या मताला अडचणीची आहे ती. सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयातील एका विभागाच्या काही सेवा बंद केल्या. पॅलेस्टिनी नागरिकांच्या दूरध्वनी संभाषणांचा प्रचंड साठा या कंपनीच्या यंत्रणेवर ठेवला जात असल्याचे वृत्त 'गार्डियन'ने ऑगस्टमध्ये दिले होते, आणि कंपनीतील काही कर्मचारी त्याआधीपासून निषेध करत होते. ती सेवा बंद झाली याचा आम्हांला आनंद झाला. आमच्यापैकी काहींनी तो बोलूनही दाखवला. पण आनंद झाला म्हणून प्रश्न मिटला नाही. पाळत थांबवणारे न्यायालय नव्हते, संसद नव्हती, आंतरराष्ट्रीय संस्था नव्हती. एका कंपनीने आपल्या अटी तपासल्या आणि कळ दाबली. उद्या ती कळ दुसऱ्या कारणासाठी, दुसऱ्या माणसांविरुद्ध दाबली गेली तर आक्षेप घ्यायला आमच्यापाशी कोणता आधार उरेल? कंपनीची मर्जी आपल्याला पटणारी निघाली की तिला विवेक म्हणायचे आणि न पटणारी निघाली की मनमानी, ही सवय पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या वर्तुळात फार लवकर रुजते आहे.

'कंपनी' हा शब्द तरी मराठी माणसाने जरा सावधपणे उच्चारावा. आपल्या भाषेत 'कंपनी सरकार' असा एक जोडशब्द होऊन गेला आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. सहा हजारांहून कमी नाही इतके कंपनीचे पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचे राहावे, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, इतर राज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्यावाचून करू नयेत. तैनाती फौज ती हीच. पाठ्यपुस्तकात हा विषय दोन गुणांच्या टिपेपुरता येतो. त्यातला खरा मर्माचा भाग असा की ती फौज चांगली होती. कवायती, शिस्तीची, वेळेवर पगार मिळणारी; पेशव्याच्या स्वतःच्या फौजेपेक्षा सरस. बाजीरावाने वाईट माल घेतला नव्हता. सोळा वर्षांत राज्य गेले.

अमेरिकेचे सरकार म्हणजे बाजीराव नव्हे, हे आम्ही जाणतो. त्या सरकारपाशी कायदे आहेत, कर वसूल करण्याची ताकद आहे, कंपनीला वठणीवर आणण्याचे मार्ग आहेत. ज्यांच्यापाशी यांतले थोडेच आहे आणि ज्यांना तीच उपग्रहसेवा, तीच यंत्रालये भाड्याने घ्यावी लागतात, त्या देशांना हा दाखला अधिक जवळून लागू पडतो. त्यांत आपला देश कोठे बसतो, याचा विचार संरक्षणशास्त्राच्या जाणकारांनी करावा.

आम्हांला यापुढे बोलायचे आहे ते रांगेच्या दुसऱ्या टोकाविषयी. शिलेदाराला हुद्दा मिळत असताना साध्या शिपायाचे काय चालले आहे?

१४ जून २०२२ रोजी आपल्या सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षांची भरती. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार रुपये, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यांतील ३० टक्के बाजूला ठेवून शेवटी सरकारच्या वाट्यासह सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. बिहार आणि उत्तर प्रदेशात तरुण रस्त्यावर उतरले, रेल्वेगाड्या जळाल्या. तेव्हा आनंद महिंद्रा यांच्यासारख्या उद्योगपतींनी अशा प्रशिक्षित तरुणांना आपण नोकरीत घेऊ असे सांगितले. या अटी अर्थशास्त्रीय दृष्ट्या योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही करत नाही. निवृत्तिवेतनाचा बोजा, जवानांचे सरासरी वय, हे मुद्दे खोटे नाहीत. आम्हांला दिसते ती अदलाबदल : कंपनीच्या माणसाला सैनिकाचा मान मिळाला, आणि सैनिकाला कंपनीतल्यासारखा मुदतीचा करार. पहिल्या तुकड्या प्रशिक्षणासाठी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या. चार वर्षांचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

आणि हे सारे ज्या एका शब्दाखाली सुरळीत झाकले जाते तो शब्द आमच्या महाविद्यालयांतूनच पेरला गेला आहे. तो शब्द म्हणजे 'करिअर'. मार्गदर्शन-शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या पत्रकावर हॉटेल व्यवस्थापन, बँकिंग, सैन्यदले, माहिती तंत्रज्ञान अशी एकाखाली एक यादी असते. जणू एकाच दुकानातले चार नमुने. गंमत अशी की युरोपीय भाषांत या शब्दाचा एक जुना अर्थ घोड्यांच्या शर्यतीचे मैदान असा आहे, भरधाव दौड असाही आहे. घोडा येथेही आहे, फक्त तो कोणाचा हे विचारायचे राहून गेले. नोकरी, चाकरी, सेवा, पेशा हे आपले शब्द निदान धनी कोण हे विचारायला लावतात. चाकरी म्हटले की कोणाची, हे पुढे आलेच. 'करिअर'ला धनी नसतो. ते फक्त 'माझे' असते.

सैन्यात जाणाऱ्या मुलांकडे वरून पाहण्याचा अधिकार प्राध्यापकांना नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. कारण आमच्या व्यवसायातील काही मंडळी ही चर्चा निघाली की शांततावादाचा शालजोडा पांघरून बसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला तो काही पोवाडे ऐकून नव्हे. कोरडवाहू जमिनीत भागत नव्हते, म्हणून घरटी माणूस पलटणीत गेला. महार समाजाच्या बाबतीत तर पलटण म्हणजे शाळा होती, वाचता-लिहिता येण्याची वाट होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी इंग्रज सरकारने ती भरती बंद केली, तेव्हा स्वतः सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. त्या अर्जांत पगाराचा प्रश्न आहेच, पण मुख्य म्हणणे निराळे आहे : आमच्या वाडवडिलांनी चाकरी केली, तिचे देणे सरकार लागते. चाकरी करणाऱ्याचा धन्यावर हक्क निर्माण होतो, ही ती भूमिका. दलित साहित्याच्या इतिहासात वलंगकरांचे नाव आपण घेतो ते बहुधा 'विटाळ विध्वंसन'साठी. हे विनंतिपत्रही तितक्याच गांभीर्याने वाचण्यासारखे आहे.

चार वर्षांच्या करारात असा हक्क उभा राहात नाही. देणे तेथल्या तेथे चुकते होते. पण बंधन मात्र जुन्याच जातीचे आहे. १९५० चा सैन्य कायदा अग्निवीरालाही लागू आहे. हुकूम मोडणे हा गुन्हा, पळून जाणे हा गुन्हा, मनाला पटले नाही म्हणून राजीनामा खरडून घरी येता येत नाही. याच्या समोर त्या चार लेफ्टनंट कर्नलांना ठेवून पाहावे. त्यांच्या कंपनीच्या हिताविरुद्धचा हुकूम वरून आला तर ते काय करतील? आणि समजा त्यांनी तो निमूट पाळला, तरी त्यांची कंपनी पाळील का? कंपनीने शपथ घेतलेली नाही.

त्या कंपन्यांत काम करणाऱ्या अभियंत्यांनी हा प्रश्न एकदा विचारला होता. २०१८ मध्ये ड्रोनने टिपलेली दृश्ये यंत्राकडून वाचून घेण्याच्या 'मेव्हन' प्रकल्पात गूगल सामील आहे हे कळल्यावर तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी पत्रावर सह्या केल्या, डझनभरांनी नोकरी सोडली. कंपनीने तो करार पुढे न चालवण्याचे ठरवले आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही, असे तत्त्व जाहीर केले. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायल सरकारशी झालेल्या 'निंबस' कराराविरुद्ध ठिय्या दिल्यानंतर त्याच कंपनीने सुमारे पन्नास जणांना काढून टाकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते तत्त्वही तिच्या जाहीरनाम्यातून गेले. दरम्यान पॅलंटिरचे प्रमुख अलेक्झांडर कार्प यांचे, निकोलस झमिस्का यांच्यासह लिहिलेले, पुस्तक निघाले. अभियंत्यांनी राष्ट्राचे ऋण फेडावे, संरक्षणकार्यात उतरावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. ऋणाची भाषा आम्हांला परकी नाही, त्रिऋणांच्या कल्पनेवर आमची पिढी वाढली. मात्र ऋण फेडणाराच दहा अब्जांचे बिल लावतो, असे ऋण आमच्या ऐकिवात नव्हते.

हे सगळे वाचून एखादा सहकारी म्हणेल की पुण्याच्या किंवा सिअ‍ॅटलच्या अभियंत्याने काय करावे आणि पहाटे मैदानावर धावणाऱ्या आमच्या मुलाने कोठे भरती व्हावे, ही ज्याची त्याची वैयक्तिक निवड आहे. आमचा सर्वांत मोठा विरोध या वाक्याला आहे. निवड वैयक्तिक असते, निवडीच्या अटी वैयक्तिक नसतात. त्या कोणी तरी लिहिलेल्या असतात. लिहिलेला मजकूर कसा वाचावा, हे शिकवण्यासाठी तर भाषेच्या अध्यापकाला पगार मिळतो. आम्ही वर्षानुवर्षे 'सैनिकाचे मनोगत' हा निबंध लिहून घेतो, त्यात बर्फ असतो, आईचे पत्र असते, तिरंगा असतो. वेतनाची अट आणि कराराची मुदत कधीच नसते. 'संगणक : शाप की वरदान' या निबंधात संगणक आकाशातून पडलेला असतो, त्याला मालक नसतो.

पुढील सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही चार मजकूर एकत्र लावणार आहोत : सभासदाच्या बखरीतील लष्करव्यवस्थेचा भाग, वसईच्या तहाची कलमे, वलंगकरांचे विनंतिपत्र, आणि अग्निवीर भरतीच्या छापील अटी. चौथ्या मजकुरावर अभ्यास मंडळात आक्षेप येईल, ते साहित्य नव्हे म्हणून. बखर आणि तहनामा तरी कोठे साहित्य म्हणून लिहिले गेले होते, हे आम्ही तेथे विचारू. आमच्या वर्गातील निदान दोघांनी त्या अटींवर सही करण्याची तयारी केली आहे, आणि त्यांना तो कागद परीक्षेआधी नीट वाचून हवा आहे.